गाडीतल्या सुरीचा हिशेब

पावाला लोणी लावायची सुरी. टोक गोलसर, धार म्हणावी तर नाहीच. अशा सुरीवरून २००५ साली इंग्लंडच्या हायकोर्टात वाद झाला. बचावाचं म्हणणं साधं होतं : जी धड टोचत नाही आणि कापत नाही, तिला हत्यारांच्या कायद्यात ओढायचं कशाला? न्यायालयाने कायदा पुढ्यात घेतला. त्यात 'पातं असलेली वस्तू' एवढंच लिहिलं होतं. पातं धारदार असावं अशी अट संसदेने घातली नव्हती आणि न्यायालयाने ती पदरची घालायला नकार दिला. बोथट असूनही सुरी गुन्ह्याच्या कक्षेत आली.

आपल्याकडच्या माणसाला याचं हसू येईल. पण आपल्या गाडीत काय काय असतं ते एकदा आठवून बघा. डॅशबोर्डच्या कप्प्यात फळं कापायची घडीची सुरी, दाराच्या खिशात कधीतरी भेट मिळालेलं मल्टिटूल, डिकीत शहाळं फोडायला गावाकडून आणलेला कोयता. लग्नकार्याच्या धावपळीत विळीसुद्धा गाडीतून फिरते. यातलं काहीही कुणाला मारायला ठेवलेलं नसतं. तरी यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवरून कुठल्या ना कुठल्या देशात फौजदारी खटला उभा राहू शकतो. ब्रिटनमध्ये तर नक्कीच, आणि वर्षातल्या काही दिवशी आपल्या जिल्ह्यातही.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण हा विषय तिथे जितका किसला गेला आहे तितका क्वचितच कुठे गेला असेल. तिथे दोन कायदे हातात हात घालून चालतात. पहिला १९५३ चा. तो 'आक्रमक शस्त्रा'बद्दल आहे : इजा करण्यासाठीच बनवलेली वस्तू, त्यासाठी मुद्दाम बदल केलेली वस्तू, किंवा एरवी निरुपद्रवी पण बाळगणाऱ्याने इजा करण्याच्या इराद्याने जवळ ठेवलेली वस्तू. या तिसऱ्या प्रकारात छत्रीही येते, टॉर्चही येतो. दुसरा १९८८ चा फौजदारी न्याय कायदा, त्याचं कलम १३९. याला तुमच्या इराद्याशी देणंघेणं नाही. सार्वजनिक जागी पातं किंवा तीक्ष्ण टोक असलेली वस्तू तुमच्याजवळ होती, इतकं सिद्ध झालं की सरकारी पक्षाचं काम झालं.

सूट आहे ती फक्त घडीच्या खिसाचाकूला, आणि त्याचीही कापणारी धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत पुढे होते. १९९३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की घडीचा चाकू म्हणजे केव्हाही, नुसतं दाबून मिटवता येईल असा चाकू. उघडल्यावर पातं जागच्या जागी अडकत असेल आणि मिटवण्यासाठी कळ दाबावी किंवा पट्टी सरकवावी लागत असेल, तर तो घडीचा चाकूच नव्हे. मग त्याचं पातं दोन इंचांचं असलं तरी सूट नाही. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं.

ही अडकणारी कळ कशासाठी असते? कापताना पातं अचानक मिटून बोटं कापू नयेत म्हणून. सुतार, गिर्यारोहक, इलेक्ट्रिशियन मुद्दाम असा चाकू निवडतात. थोडक्यात, वापरणाऱ्यासाठी जो जास्त सुरक्षित तोच कायद्याच्या दृष्टीने जास्त संशयास्पद. प्रसिद्ध स्विस चाकूचं ९१ मिलिमीटरचं नेहमीचं मॉडेल खिशात घालून लंडनभर फिरा, कुणी काही म्हणायचं नाही. त्याच कंपनीचं १११ मिलिमीटरचं, लॉक होणारं मॉडेल घेतलंत की कारण द्यावं लागेल. बाजारातल्या बऱ्याच मल्टिटूलची पातीही लॉक होतात आणि विकत घेताना ते कुणी सांगत नाही, कारण विकत घेण्यात गुन्हा काहीच नाही. दुकानातून घरी, घरी ड्रॉवरमध्ये, सगळं रीतसर. गुन्हा सुरू होतो तो घराबाहेर, विनाकारण. पेचकसाला मात्र १९९८ मध्येच दिलासा मिळाला : त्याला पातं असलेली वस्तू म्हणता येणार नाही असं न्यायालयाने ठरवलं. अर्थात तो कुणाच्या पोटात खुपसायच्या तयारीने ठेवलेला असेल तर १९५३ चा कायदा आहेच.

आता गाडी. गाडी आपली, चावी आपल्याकडे, काचा बंद. म्हणजे आतली जागा खासगी, असा आपला समज असतो. ब्रिटिश कायद्यात गाडी जिथे उभी आहे ती जागा महत्त्वाची. रस्ता, सुपरमार्केटचं पार्किंग, पेट्रोल पंप, लोकांना ये-जा करता येते अशी कुठलीही जागा ही सार्वजनिक जागा. अशा ठिकाणी ग्लोव्ह बॉक्समधला चाकू हा 'जवळ बाळगलेला' चाकूच. वाजवी संशय असेल तर १९८४ च्या पोलीस कायद्याखाली माणसाबरोबर गाडीचीही झडती घेता येते. एखाद्या भागात हाणामारीची भीती असेल तर १९९४ च्या कायद्याच्या कलम ६० नुसार वरिष्ठ अधिकारी काही तासांसाठी तो भाग घोषित करतो आणि तिथे संशयाचीही गरज उरत नाही. साधं सिग्नल तोडल्याचं प्रकरण अशा रीतीने चाकूच्या प्रकरणात बदलू शकतं.

सुटकेचा दरवाजा एकच : 'योग्य कारण'. कायद्याने तीन कारणं नावानिशी दिली आहेत. कामासाठी लागणारा चाकू, धर्मासाठी बाळगलेला चाकू आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग असलेला चाकू. शिखांचं कृपाण दुसऱ्यात बसतं, स्कॉटिश माणसाच्या मोज्यात खोचलेली छोटी सुरी तिसऱ्यात. बाकी कुठलंही कारण न्यायालयाला पटवून द्यायचं. आणि ते पटवून देण्याचं ओझं आरोपीवर असतं. एरवी इंग्रजी फौजदारी कायद्यात आरोपीने गप्प बसावं आणि सरकारने सिद्ध करावं अशी रीत. इथे ती उलटते. हे न्याय्य सुनावणीच्या हक्काच्या आड येतं का, हा प्रश्नही तिथल्या न्यायालयांपुढे गेला आणि येत नाही असा निकाल मिळाला.

कारण मोजलं जातं ते त्या क्षणाच्या घड्याळावर. दुपारी गणपतीच्या प्रसादाची फळं कापायला हॉलवर नेलेली सुरी, पुसून, डब्यात, बाकीच्या भांड्यांबरोबर डिकीत : कुणी समजूतदार पोलीस यावर वेळ घालवणार नाही. तीच सुरी तीन आठवड्यांनी, शनिवारी रात्री अकरा वाजता, चालकाच्या सीटखाली सापडली की तिचं कारण संपलेलं असतं. गालिचे बसवणाऱ्या कारागिराचा कटर सोमवारी सकाळी हत्यारांच्या पेटीत असेल तर ते त्याचं पोट भरायचं साधन. पबच्या रांगेत त्याच्याच खिशात असेल तर पुरावा.

'विसरलो होतो' हे सर्वांत जास्त दिलं जाणारं उत्तर आणि बहुतेक वेळा सर्वांत खरंही. पण त्याची कायद्यातली किंमत फारच थोडी. १९८८ च्या एका निकालात गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये छोटा सोटा सापडला होता. ठेवून महिना झाला होता, विसरून गेलो, असं मालक म्हणाला. न्यायालय म्हणालं, विसरल्याने बाळगणं थांबत नाही आणि नुसतं विसरणं ही सबबही होत नाही. १९९३ च्या दुसऱ्या एका प्रकरणात कामावर वापरलेला चाकू सहा दिवसांनंतरही पॅण्टच्या खिशात होता. कामासाठी होता हे खरं, पण सहा दिवसांपूर्वी. तोही बचाव टिकला नाही. पुढे सूर थोडा मवाळ झाला. २०१० मध्ये एका मजुराची शिक्षा रद्द झाली. तो कामाच्या ठिकाणी चाकू वापरायचा आणि तो त्याच्या जॅकेटमध्ये राहून गेला होता. आधी खरंखुरं कारण आणि त्यावर विसर, या दोन्हींचा एकत्र विचार करायला हवा, असं न्यायालयाने मानलं. विसर एकटा लंगडा. कारणाच्या खांद्यावर हात ठेवला तर कधी कधी चालतो.

सर्वांत घातक उत्तर मात्र वेगळंच आहे. 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय साहेब.' माणूस हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याला वाटतं की आपण गुंड नाही हे यातून कळेल. प्रत्यक्षात त्याने त्याच क्षणी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं की वेळ पडली तर ही वस्तू मी माणसावर वापरणार आहे. दिवस वाईट आहेत, रात्री भीती वाटते, असली सर्वसाधारण भीती योग्य कारणात बसत नाही. आणि आता १९५३ च्या कायद्यातला तो इरादाही कबुलीतच मिळाला. फळं कापायची सुरी एका वाक्यात शस्त्र झाली.

शिक्षा इंग्लंड-वेल्समध्ये ४ वर्षांपर्यंत, स्कॉटलंडमध्ये ५ वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या प्रौढाला, २०१५ च्या कायद्यानुसार, सहसा किमान ६ महिने आत जावंच लागतं. पहिल्या, निरुपद्रवी प्रकरणात लेखी समज देऊनही भागवलं जातं, पण ती समज नोंदीत राहते. नोकरीसाठी चारित्र्य तपासणी होते तेव्हा, व्हिसा वाढवताना, नागरिकत्वाच्या अर्जात ती पुन्हा समोर येते. तिथे कामासाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींना खरा फटका इथे बसतो. बारा महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात आहेच.

इतकी कडक भूमिका का, हे समजून घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये बंदूक मिळणं अवघड, त्यामुळे रस्त्यावरच्या हिंसाचाराचं मुख्य साधन चाकू, आणि तोही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातला. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला नृत्यवर्गातल्या तीन लहान मुलींचा जीव गेला तो असल्याच सुरीने. अशा प्रत्येक घटनेनंतर कायदा आणखी आवळला जातो. खटक्याचे आणि फुलपाखरी चाकू २०२१ पासून घरात ठेवणंही गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दातेरी 'झॉम्बी' सुऱ्यांची भर पडली. हे सगळं समजण्यासारखं आहे. तरी जाळं एवढं बारीक विणलं की त्यात कोण अडकणार हे जाळं ठरवत नाही, ओढणारा ठरवतो. लोण्याच्या सुरीवर खटला भरायचा की सोडून द्यायचं हे शेवटी त्या रात्रीच्या शिपायाच्या मर्जीवर, आणि गाडीत बसलेल्याच्या वयावर, रंगावर, बोलण्यावर अवलंबून राहतं. मला हा त्या कायद्याचा मोठा दोष वाटतो.

जर्मनीची पद्धत त्या मानाने बरी. एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू किंवा १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची बिनघडीची सुरी विनाकारण जवळ बाळगायला तिथे बंदी आहे. पण बंद, कुलपाच्या पेटीतून नेण्याला परवानगी आहे. म्हणजे गाडीतल्या माणसाला काय करायचं हे आधीच माहीत असतं. चुकलं तर १०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो दंड; गुन्हेगाराचा शिक्का नव्हे. सोलिंगेनच्या ऑगस्ट २०२४ च्या हल्ल्यानंतर जत्रा-उत्सवांसाठी नियम कडक झाले आहेत, हे तिथल्या मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावं. जपानमध्ये तर ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं विनाकारण बाळगल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड आहे.

आणि आपल्याकडे? आपला मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याची व्याख्या सुरुवातीलाच मोकळा श्वास घेऊ देते : केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, काठी-लाठी, ही शस्त्रं नव्हेत. शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, भाले यांच्या रांगेत सुऱ्याही येतात, पण पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर. शिवाय घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती वगळून. म्हणजे डिकीतली विळी, सीटमागची आंब्याची सुरी या कायद्याच्या बाहेर. कलम ४ खाली परवान्याची सक्ती करायची तर केंद्र सरकारची त्या भागापुरती आणि त्या प्रकारच्या शस्त्रापुरती अधिसूचना लागते. तिचा भंग केला तर कलम २५ प्रमाणे १ ते ३ वर्षं कैद.

दिल्लीत अशी एक जुनी अधिसूचना आहे, १९८० ची, खटक्याच्या चाकूंसाठी. तिच्यातलं माप आहे लांबी ७.६२ आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर. ब्रिटनचेच ३ इंच तिथेही. या अधिसूचनेच्या आधारे दिल्लीत वर्षानुवर्षं बटणाच्या चाकूंचे खटले चालत आले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा एक खटला रद्द केला : अधिसूचनेचा रोख चाकू बनवणं, विकणं आणि विक्रीसाठी बाळगणं यावर आहे आणि आरोपपत्रात विक्रीचा मागमूस नाही, म्हणून. चार दशकांहून जुनी अधिसूचना नीट वाचली गेली ती अशी.

महाराष्ट्रात मात्र खरी मेख शस्त्र कायद्यात नाही. ती आहे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) मध्ये. शांतता राखण्यासाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात शस्त्रं, तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुऱ्या, काठ्या यांच्या जोडीला 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' हे शब्द येतात. इथे इंच-सेंटिमीटर नाहीत, घरगुती वापराची सूट कलमात नाही. भंग केला तर कलम १३५ : १ वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने लेखी कारण दिलं नाही तर किमान ४ महिने. वर्तमानपत्रात 'जिल्ह्यात शस्त्र व जमावबंदी लागू' अशी चौकट आपण रोज ओलांडून पुढे जातो ती हीच. गणपती, नवरात्र, निवडणुका, मोर्चे, जयंत्या. अनेक जिल्ह्यांत पंधरा दिवसांचा आदेश संपतो न संपतो तोच पुढचा निघतो. ज्या दिवशी नाकाबंदीवर तुमची डिकी उघडली जाते त्या दिवशी आदेश चालू आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक असण्याची शक्यता शून्याच्या आसपास. पोलिसांना ते पाठ असतं.

म्हणूनच चाकू-कोयत्याच्या बातमीत 'हत्यार कायदा ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३), १३५' अशी जोडगोळी दिसते. पहिलं कलम न्यायालयात गळालं तरी दुसरं धरून ठेवतं. कोयत्याचं उदाहरण घ्या. ऊसतोड कामगाराच्या ट्रॅक्टरमध्ये दहा कोयते असतात आणि ते शेतीचंच अवजार आहे. पुण्यात कोयत्याच्या टोळक्यांनी उच्छाद मांडला तेव्हा, २०२३ मध्ये, पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड मागायला सांगितलं. अवजार तेच, पण मध्यरात्री डेक्कनवर उभ्या असलेल्या कारमध्ये त्याला शेतीचं म्हणणं जड जातं.

पंचनामा हा इथे सर्वांत महत्त्वाचा कागद. त्यातली भाषा ठरलेली : 'सदर इसमाच्या ताब्यात एक लोखंडी धारदार चाकू, मुठीसह लांबी अमुक सेंमी, मिळून आला.' घोटाळा 'मुठीसह' या शब्दात असतो. नियमातले ९ इंच पात्याचे आहेत. मूठ धरून बारा इंच भरणारा चाकू पात्यापुरता सातच इंचांचा असू शकतो. पात्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी नोंदवली आहे का, हे वकील सगळ्यात आधी बघतो.

गाडीच्या बाबतीत आणखी एक गाठ असते ती ताब्याची. चार जण बसलेत, चाकू मागच्या सीटखाली, तो कुणाचा? ताबा जाणीवपूर्वक असायला हवा, वस्तू तिथे आहे हे माहीत असायला हवं आणि तिच्यावर माणसाचा काबू असायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितलं आणि संजय दत्तच्या १९९४ च्या प्रकरणात घटनापीठाने पुन्हा मांडलं. मित्राने मागे टाकलेल्या पिशवीची माहितीच नसेल तर ती तुमच्या ताब्यात नव्हती. तुमच्या चावीने उघडणाऱ्या कप्प्यातल्या चाकूबद्दल मात्र असं म्हणणं कोण ऐकणार? तोच नियम जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या मदतीला येतो आणि विकणाऱ्याला अडचणीत आणतो. भाड्याने दिलेल्या, चालक बदलत राहणाऱ्या टॅक्सीत तर हा प्रश्न रोजचा.

तेव्हा या रविवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा कप्पे, सीटखालची जागा आणि डिकी नीट रिकामी करा. कामाची पाती पेटीत, बाकीच्या अवजारांबरोबर ठेवा. सहलीची सुरी डब्यांबरोबर घरात येऊ द्या. परदेशात गाडी चालवणाऱ्या मुलाला फोनवर एवढं विचारा की त्याच्या चाकूचं पातं उघडल्यावर लॉक होतं का. आणि नाक्यावर कुणी विचारलंच तर खरं कारण सांगा, नसेल तर वकिलाला बोलवा. पण 'स्वसंरक्षणासाठी' म्हणू नका.